न्यूट्रलचा दिवा

बस्त्यावचं पत्र आलं तेव्हा मी वाचनालयात जुन्या मासिकांचे गठ्ठे बांधत होतो. पोस्टमनने ते टेबलावर टाकलं आणि सुतळीचं टोक दातात धरूनच मी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. बस्त्याव बारदेस्कर. गठ्ठा सुटला आणि मासिकं जमिनीवर पसरली. ती तशीच ठेवून मी आतल्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं.

पत्र लहान होतं. वाकडंतिकडं, पण सुवाच्य.

'सर, नमस्कार. मी इकडे बरा आहे. मेव्हण्याच्या ओळखीने चर्चची देखभाल बघतो. घंटा वाजवतो, बागेला पाणी घालतो. हाताचं काही अडत नाही. एकच विचारायचं होतं. त्या दिवशी मी स्क्रू ड्रायव्हर लावला तेव्हा न्यूट्रलचा दिवा हिरवा होता का? मला हिरवा दिसला होता. पण सगळे म्हणतात, गिअर तूच टाकलास आणि तूच विसरलास. तुम्ही हँडलपाशी उभे होता, तुम्ही पाहिलं असेल. इथले लोक गाड्या दाखवायला येतात. मी हात लावत नाही. मी डोळ्यांनी बघतो की नुसतं मनात धरून चालतो, हेच मला आता कळत नाही. होता की नव्हता, एवढंच कळवा. फिलू नमस्कार सांगते.'

होता की नव्हता. कार्डावर मावेल एवढं उत्तर. चौदा वर्षं मी ते पाठवलं नाही.

*

आजऱ्याच्या वाचनालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. लोकांशी बोलायचं तर मध्ये टेबल लागायचं मला, आणि टेबलावर रजिस्टर. बस्त्याव त्या टेबलाच्या पलीकडचा माणूस. दर सोमवारी गॅरेज बंद असलं की यायचा, नखांखाली काळे पडलेले हात पँटला पुसत, आणि रहस्यकथांच्या कपाटापुढे उभा राहायचा. पुस्तक परत करताना न चुकता सांगायचा, "पन्नासाव्या पानावरच ओळखला सर, खुनी कोण ते. इंजिनाचा आवाज ऐकल्यासारखंच असतंय. खोटं बोलणारा माणूस जरा खरखरतोय."

मी हसायचो. माझ्या आयुष्यात मला ज्यांच्याशी बोलताना घाम फुटत नसे अशा चार-पाच माणसांत तो होता.

दोन हजार सातच्या मार्चमधली गोष्ट. माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, किक मारायला डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली. त्यासाठीच सेल्फची मोटारसायकल घेतली होती, जुनी. वर्षभर चांगली चालली आणि एका शनिवारी तिचा सेल्फ बंद पडला. बटण दाबलं की आत कुठेतरी टक्क व्हायचं, बाकी शांत.

सोमवारी बस्त्यावचं गॅरेज बंद, म्हणून मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला मी गाडी ढकलत त्याच्या दारात नेली. गॅरेज म्हणजे घरापुढचं अंगण आणि त्यावर पत्रा. बायको फिलोमिना ओट्यावर काजूच्या बिया निवडत बसली होती.

"आत्ता गं बाई! सर ढकलत आले," ती म्हणाली. "गुडघा कुणाचा, गाडी कुणाची!"

"फिलू, आधी चहा टाक," आतून बस्त्यावचा आवाज आला. "सर दमल्यावर एक शब्द बोलत न्हाईत. आधीच कुठं बोलतात!"

तो बाहेर आला. गाडी त्याने मेन स्टँडवर घेतली, चावी फिरवली. हॉर्न वाजवला, तो खणखणीत वाजला. हेडलाइट लावला. मग बटण दाबलं. टक्क.

"बॅटरी झकास हाय," तो म्हणाला. "मग काय झालंय, सांगा सर."

"रिले असू शकेल," मी म्हणालो. "किंवा मोटरच्या आतले कार्बन झिजले असतील."

त्याने कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "फिलू, ऐकलंस का? आता आपण वाचनालय चालवू, सर गॅरेज चालवतील. कुठं वाचलंत?"

"एक पुस्तक आहे आपल्याकडे. दुचाकी दुरुस्तीचं."

"वाचा, वाचा. पण वाचण्यावरच थांबा. मागल्या महिन्यात ते मराठी शाळेचे गुरुजी आले, हातात पिशवी. म्हटलं काय आणलंय, वांगी? पिशवीत कार्ब्युरेटर! खोलला होता, लावता येईना. वर एक स्प्रिंग कमी." तो इतका हसला की फिलोमिनाही आतून हसली. मग हसता हसता त्याने विचारलं, "तुम्ही न्हाई न्हवं हात घातला हिच्यात?"

"नाही," मी म्हणालो. "छे."

"बरं केलंत."

त्याने डावीकडचा पत्रा काढला. बॅटरीच्या शेजारी डबीसारखा रिले होता. त्याच्या दोन जाड तारांच्या टोकांवर त्याने स्क्रू ड्रायव्हर आडवा टेकवला. निळी ठिणगी उडाली, मी मागे सरकलो. मोटर हलली नाही.

"बघा. रिले बाजूला ठेवून करंट सरळ मोटरला दिला. तरी ती झोपलीय. म्हणजे दोष मोटरमध्येच. तुमचा दुसरा अंदाज बरोबर, सर. निम्मे मार्क."

मला खरंच आनंद झाला होता. ते आठवलं की अजून अंग आकसतं.

त्याने बॅटरीची तार सोडवली, मोटर काढली, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून खोलली. आत काळी भुकटी भरलेली. कार्बनचे दोन तुकडे होते, एक नखाएवढाच उरला होता आणि वाकडा होऊन अडकला होता. "हा बसला संपावर," बस्त्याव म्हणाला. त्याच्याकडच्या डब्यात नवे कार्बन होते. आतला तांब्याचा भाग त्याने पॉलिश पेपरने घासला, फुंकर मारली, पुन्हा घासला. तांबं लालसर चमकायला लागलं. तो काम करताना शीळ घालायचा, सूर नसलेली, नुसती हवा.

"आणि चेन वाजते थोडी," मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो.

"तीबी बघू की."

त्याने चेनवरचा पत्रा काढून बाजूला ठेवला, चेन ताणली, तिला ग्रीस लावलं. मग मोटर जागेवर बसवायला घेतली. ती बसेना. मोटरचे दाते आतल्या दात्यांत जात नव्हते.

"इंजिन थोडं फिरवाय लागतंय," तो म्हणाला. "बघा सर, हे तुमच्या पुस्तकात नसणार." त्याने हातानेच गिअरचा दांडा खटखट दाबून टॉप गिअर टाकला आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवलं. चाकाबरोबर इंजिन फिरलं, कुठेतरी दाता जुळला आणि मोटर गपकन आत बसली. "झालं." मग दांडा उलट बाजूने हळूहळू ठोकत तो गिअर काढत आला. बॅटरीची तार जोडली. चावी फिरवली.

ऊन थेट मीटरवर पडत होतं. त्याने पुढे वाकून तळहाताची सावली केली.

"हिरवा," तो म्हणाला. "बघा, न बघता अंदाजानं आणला न्यूट्रल. चार ठोके मारले की येतोय."

मी हँडलपाशी होतो. मीही पाहिलं.

तो गाडीच्या डाव्या बाजूला उकिडवा बसला. उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर. डाव्या हातात फडकं, आणि त्या हाताने तो चेनवरचं जादा ग्रीस पुसत होता. त्याला एका वेळी एकच काम करवत नसे.

"आधी सरळ देऊन बघतो, मग बटणाचा मान तुमचा," तो म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवला.

मोटर फिरली. त्याच क्षणी इंजिन सुरू झालं आणि मागचं चाक भिंगरीसारखं फिरलं. फडकं चेनबरोबर आत ओढलं गेलं आणि फडक्याबरोबर त्याचा हात.

आवाज कसा झाला ते मी लिहू शकत नाही. तो ओरडला, पण कळवळून नाही, हाक मारल्यासारखा. "चावी! सर, चावी!"

चावी माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. मला ती दिसत होती. चावीला अडकवलेला वाचनालयाच्या कपाटाचा पितळी बिल्ला गदगदा हलत होता, त्यावरचा सतरा आकडा मला वाचता येत होता. मी तो वाचला. सतरा. माझा हात उचलला गेला नाही. पायही नाही.

फिलोमिना धावत आली. तिने मला खांद्याने बाजूला ढकललं आणि चावी बंद केली.

मग माणसं जमली. कुणीतरी चाक मागे फिरवून हात सोडवला. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. फिलोमिनाने आपल्या ओढणीत त्याचा हात गुंडाळला. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने जीप काढली. जीपमध्ये चढताना बस्त्यावने वळून माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढरा, पण तो शुद्धीत होता.

"न्यूट्रल बघितला होता मी," तो म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही. "बघितला होता की."

"गप बस," गिरणीवाला म्हणाला. "गिअर कुणी टाकला होता?"

"मीच."

"मग झालं तर. विसरलास. चल."

जीप गडहिंग्लजच्या रस्त्याला लागली. माणसं पांगली. अंगणात मी, गाडी आणि ओट्यावर अर्धवट निवडलेल्या बिया. कपातल्या चहावर साय आली होती.

बस्त्याव कसा काय विसरला, एवढाच विचार डोक्यात फिरत होता. मला त्याचा थोडा रागही आला होता, हे इथे लिहायला हवं. गाडी घरी न्यावी म्हणून मी चावी फिरवली.

हिरवा दिवा लागला.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. बस्त्यावने ठोकत काढलेल्या गिअरांपैकी एक आत उरलाच होता. चाकाला नुकतंच सगळ्यांनी जोर लावून मागे फिरवलेलं मी पाहिलं होतं, इंजिन घेऊन फिरत होतं ते, जड. गाडी गिअरमध्ये होती आणि दिवा हिरवा होता.

मग मला परवाची दुपार आठवली.

उजव्या बाजूचा पत्रा मी काढला. त्याला दोनच स्क्रू होते आणि ते मला चांगले ठाऊक होते, कारण रविवारी दुपारी मीच ते काढले होते. घरी, परसात, पुस्तक तुळशीच्या कट्ट्यावर उघडं ठेवून. पुस्तकात लिहिलं होतं, सेल्फ लागत नसेल तर न्यूट्रलच्या स्विचची तार सोडवून गाडीच्या सांगाड्याला जोडून पाहा. दिवा लागून सेल्फ चालला तर दोष स्विचमध्ये. मी टेबललॅम्पच्या जुन्या वायरमधून तांब्याची एक बट काढली, त्या तारेला गुंडाळली आणि दुसरं टोक सांगाड्याच्या बोल्टखाली दाबलं. दिवा लागला. सेल्फ चालला नाही. म्हणजे दोष तिथे नव्हता. माझी ही पहिली दुरुस्ती, आणि ती निदान निम्मी तरी बरोबर वाटत होती. दिवा इतका स्वच्छ हिरवा दिसत होता की तो तसाच राहू द्यावासा वाटला. सगळं झाल्यावर तार काढू म्हणून मी पत्रा लावून टाकला.

गिअर कुठलाही असो, त्या तारेमुळे तो दिवा हिरवाच राहणार होता.

आणि सकाळी त्याने मला विचारलं होतं. हसत विचारलं होतं. मी म्हणालो होतो, नाही, छे.

अंगणात कुणी नव्हतं. मी बोटं आत घातली, तांब्याची ती बट बोल्टखालून ओढली. मीटरवरचा हिरवा दिवा विझला.

मी पुन्हा ती टेकवली. लागला. काढली. विझला. असं तीनदा केलं. आपल्या हाताने आपण काय केलंय याची खात्री करून घ्यायला माणसाला तीन वेळा लागतात की काय, कोण जाणे. मग स्विचची तार मी जागेवर जोडली, बट खिशात घातली, पत्रा लावला, दोन्ही स्क्रू घट्ट केले. गिअर काढून न्यूट्रल आणला आणि बटण दाबलं. गाडी एका झटक्यात सुरू झाली. इतकी सुंदर ती कधीच सुरू झाली नव्हती.

*

दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं. दवाखान्यात मी तिसऱ्या दिवशी गेलो, सोबत दोन रहस्यकथा आणि मोसंबी. फिलोमिनाचा भाऊ तिथे होता.

"काय सांगायचं सर," तो म्हणाला. "स्वतःच्या हातानं गिअर टाकला आणि स्वतःच विसरला. एवढा नावाजलेला मेकॅनिक!"

बस्त्याव छताकडे बघत होता. "सर, मी वाकून बघितलं होतं न्हवं? हात असा धरला होता न्हवं उन्हाला?" आणि त्याने चांगला हात उचलून तळव्याची सावली करून दाखवली.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. रात्रभर पाठ केलेलं. मी तोंड उघडलं तेवढ्यात फिलोमिना म्हणाली, "झोपा आता, किती तेच तेच!" आणि मी म्हणालो, "हो, विश्रांती घ्या." मोसंबी ठेवली आणि निघालो. जिन्यावर मी खाली बसलो तेव्हा एका नर्सने पाणी दिलं. तिला वाटलं मी नातेवाईक आहे.

पावसाळ्याआधी त्यांनी गॅरेज बंद केलं आणि मेव्हण्याकडे सावंतवाडीच्या बाजूला निघून गेले. बोटांमुळे बंद केलं असं गाव म्हणायचं. आठ बोटांत तो काम करू शकला असता, हे चार वर्षांनी पत्र आलं तेव्हा मला कळलं. त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता.

उत्तर मी लिहिलंच नाही असं नाही. एक कार्ड लिहिलं होतं, 'होय, दिवा हिरवा होता.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण बस्त्याव पन्नासाव्या पानावर ओळखणारा. दिवा हिरवा आणि गाडी गिअरमध्ये, एवढं हातात आल्यावर त्याला किती वेळ लागणार? कुणीतरी तारेला हात लावला. कुणी? मी विचारलं होतं सरांना. ते नाही म्हणाले होते. आणि ते जरा खरखरले होते.

ते कार्ड मी फाडलं. मग दरवर्षी मार्चमध्ये एक लिहायचो, एक फाडायचो. निवृत्त झालो. पत्नी गेली, तिलाही सांगितलं नाही. तांब्याची ती बट एका शब्दकोशात ठेवली होती. पानांवर तिचा हिरवट डाग पडला.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी चहा करून गॅस बंद केला आणि बाहेर येऊन बसलो. थोड्या वेळाने सूनबाई, अनघा, स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, गॅस चालूच आहे! पातेलं करपलं!"

"मी बंद केला होता."

"असू दे बाबा. होतं असं." तिचा आवाज मऊ होता. मुलाने वर्तमानपत्रातून मान वर काढून माझ्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा खाली घातली.

मी बटण फिरवल्याचं मला आठवत होतं. ज्योत गेलेली दिसली होती. पण त्या रात्री मला त्याचीच शंका यायला लागली. मी उठून जाऊन बटण पाहिलं. पुन्हा जाऊन पाहिलं. दुसऱ्या दिवशी चहा करायला गेलो नाही. दाराची कडी तीनदा पाहिली. वाचताना पान उलटलं की आधीचं वाचलं का, असं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी अनघा हसत म्हणाली, "अहो बाबा, सांगायचंच राहिलं! परवा तो गॅस मीच लावला होता, तुमच्या मागून त्याच पातेल्यात पाणी तापवायला. फोन आला आणि साफ विसरले. तुम्ही आपले उगीच बोलणी खाल्लीत."

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. ती घाबरली. "बाबा? बसा. काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. "बरं झालं सांगितलंस."

दोन दिवस. माझे दोनच दिवस गेले होते.

त्याच दुपारी मी लिहायला बसलो. या वेळी फाडलं नाही.

'बस्त्याव, दिवा हिरवा होता. तुम्ही वाकून, उन्हाला हात धरून पाहिलंत आणि बरोबर पाहिलंत. तुमचे डोळे चुकले नाहीत. दिवा खोटं बोलत होता, कारण दोन दिवस आधी मी त्याची तार सांगाड्याला जोडली होती. तुम्ही मला विचारलंत, गाडीला हात लावला का. मी नाही म्हणालो. तुम्ही गेल्यावर ती तार मी काढून घेतली. ती सोबत पाठवतो आहे, तुम्हाला ती बघून सगळं कळेल. तुम्ही बसवलेली मोटर मी गाडी विकेपर्यंत पुन्हा उघडावी लागली नाही. चावी माझ्या हाताशी होती. तीही मी बंद केली नाही. मी माफी मागण्याच्या लायक आहे की नाही, माहीत नाही, पण तुम्ही गाड्यांना हात लावा.'

पोस्टात खिडकीशी एक तरुण बाई बसली होती. चर्चचा पत्ता तिने वाचला, पाकीट चाचपलं, वजन केलं, मग उलटून पाहिलं.

"आजोबा, पाठवणाऱ्याचं नाव नाही घातलं."

"घालायलाच हवं?"

"घाला की. माणूस तिथं नसला तर परत कुणाकडे पाठवायचं?"

मी तिच्याकडून पेन घेतलं. पाकीट खिडकीच्या कट्ट्यावर नीट दाबून धरलं आणि लिहिलं: श्रीनिवास होनगेकर, ग्रंथपाल. ग्रंथपाल खोडलं. खाली घरचा पत्ता लिहिला, पूर्ण, पिनकोडसकट.

तिने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.